कावेरीचे दान आणि माणसाची राखण : तंजावर जिल्हा

तामिळनाडूच्या पूर्व भागात, कावेरी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी अनेक शाखांनी पसरते त्या त्रिभुज प्रदेशात तंजावर जिल्हा वसलेला आहे. दक्षिणेतील भाताचे कोठार म्हणून हा प्रदेश शतकानुशतके प्रसिद्ध आहे. मराठी वाचकास तंजावरचे नाव परिचित आहे ते प्रामुख्याने भोसले घराण्याची राजधानी आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे. परंतु राजधानी, ग्रंथालय, देवालये आणि संगीत या सर्वांच्या मुळाशी जी गोष्ट आहे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे पाण्याची व्यवस्था होय.

तंजावरची समृद्धी ही केवळ नदीची देणगी नव्हे. नदीने गाळ आणला आणि भूमी घडविली, हे खरे. परंतु त्या भूमीवर भाताचे पीक उभे राहावे यासाठी पाणी वळविणे, त्याची विभागणी करणे, ते शेवटच्या शेतापर्यंत नेणे आणि दरवर्षी कालव्यांतील गाळ उपसणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी केली. ज्या काळी ही राखण नीट झाली त्या काळी प्रदेश भरभराटीस आला. ज्या काळी तिची हेळसांड झाली त्या काळी भरल्या नदीकाठीही शेते कोरडी राहिली. या दृष्टीने तंजावरचा इतिहास हा पाणीवाटपाचाच इतिहास आहे.

भूमीची घडण

कावेरीचा उगम कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात, ब्रह्मगिरीच्या डोंगरातील तलकावेरी येथे होतो. सुमारे ८०० किलोमीटरांच्या प्रवासात ती कर्नाटक व तामिळनाडू ही राज्ये ओलांडते. तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेस मुक्कोंबु येथे तिचे दोन फाटे होतात. उत्तरेकडील फाट्यास कोळ्ळिडम असे म्हणतात. दक्षिणेकडील फाटा कावेरी हेच नाव पुढे चालवितो. या दोहोंच्या मधील बेटावर श्रीरंगमचे सुप्रसिद्ध विष्णुमंदिर आहे. बेटाच्या पूर्व टोकाशी हे दोन्ही प्रवाह पुन्हा एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि तेथूनच त्रिभुज प्रदेशास खऱ्या अर्थाने प्रारंभ होतो. येथून पुढे वेण्णारु, कुडमुरुट्टी, अरसलार, वेट्टार अशा अनेक शाखा पंख्याप्रमाणे पसरत जातात. तिरुवैयारु या गावाच्या नावाचा अर्थच ‘पवित्र पाच नद्या’ असा आहे.

जमिनीचा उतार अत्यंत मंद असल्यामुळे पाणी सहज खेळविता येते. परंतु त्याच कारणामुळे ते साचूनही राहते आणि गाळ लवकर बसतो. या प्रदेशाला पाणी दोन वाटांनी मिळते. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम घाटात पडणाऱ्या पावसाचे पाणी नदीवाटे येते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस प्रत्यक्ष शेतांवर पडतो. पिकांची रचनाही त्यानुसारच झाली आहे. जूनमध्ये सुरू होणारे कमी मुदतीचे पीक ‘कुरुवै’, ऑगस्टपासून घेतले जाणारे दीर्घ मुदतीचे पीक ‘सांबा’ आणि कुरुवैची कापणी झाल्यावर त्याच शेतात घेतले जाणारे दुसरे पीक ‘ताळडि’ होय. नदीचे पाणी उशिरा आले तर हे सारे वेळापत्रक पुढे ढकलले जाते आणि उशिरा लावलेली कोवळी रोपे ईशान्येकडील पावसाच्या माऱ्यात सापडतात. म्हणून येथे पाणी किती आले याइतकेच ते केव्हा आले यालाही महत्त्व आहे.

मूळचा तंजावर जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळच मोठा होता. १९९१ मध्ये त्यातून नागपट्टिनम जिल्हा वेगळा करण्यात आला, १९९७ मध्ये तिरुवारूर जिल्हा अस्तित्वात आला आणि २०२० मध्ये नागपट्टिनममधून मयिलादुतुरै जिल्हा निर्माण झाला. आजच्या तंजावर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,४०० चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २४,०५,८९० इतकी आहे. त्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,०३५ स्त्रिया आढळल्या. पाणी मात्र जिल्ह्यांच्या सीमा मानत नाही. जिल्ह्याच्या पश्चिम टोकास वळविलेले पाणी पूर्वेच्या तीन जिल्ह्यांतून समुद्राकडे जाते. त्यामुळे तंजावरचा विचार करताना जुना, अविभक्त जिल्हाच डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

वाळूवर उभा असलेला बंधारा

त्रिभुज प्रदेशाच्या शिरोभागी कल्लणै हा बंधारा आहे. तामिळ भाषेत ‘कल्‌’ म्हणजे दगड आणि ‘अणै’ म्हणजे बंधारा. परंपरेनुसार हा बंधारा चोळ राजा करिकाल याने, सामान्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास, बांधला. सुमारे ३२९ मीटर लांब, २० मीटर रुंद व साडेपाच मीटरांच्या आसपास उंच असलेला हा बंधारा नदीच्या पात्रात नागमोडी आकाराने पसरलेला आहे. येथील पात्रात खोलवर वाळू आहे. पायासाठी खडक नाही. जुन्या गवंड्यांनी मोठमोठे दगड वाळूत टाकले, ते पाण्याच्या जोराने खाली रुतत गेले, त्यांवर पुन्हा दगड टाकले आणि अखेरीस स्थिर झालेल्या थरावर बांधकाम उभे केले.

या बंधाऱ्याचा उद्देश पाणी साठविण्याचा नसून ते वळविण्याचा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पाण्याची पातळी थोडी उंचावून ते त्रिभुज प्रदेशातील शाखांकडे लावावे आणि पुराचे जादा पाणी कोळ्ळिडममार्गे समुद्राकडे सोडून द्यावे, अशी ही योजना होती. एकोणिसाव्या शतकात येथे काम करणारे अभियंता सर आर्थर कॉटन यांनी, वाळूच्या तळावर पाया कसा घालावा हे या जुन्या बांधकामावरून शिकल्याचे मोकळेपणाने मान्य केले. पुढे गोदावरीवर दौलेश्वरम येथे त्यांनी जो बंधारा बांधला त्यास हेच ज्ञान उपयोगी पडले.

चोळांचे वैभव

नवव्या शतकाच्या मध्यास विजयालय चोळाने तंजावर जिंकले आणि पुढील सुमारे चारशे वर्षे हा प्रदेश चोळ सत्तेचे केंद्र राहिला. पहिल्या राजराजाने (९८५–१०१४) बांधलेले बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे शिखर सुमारे ६६ मीटर उंच आहे. गाळाच्या या प्रदेशात दगड मिळत नाही; मंदिराचा संपूर्ण ग्रॅनाइट दुरून आणावा लागला. एवढे काम उभारण्याचे बळ राज्यास भाताच्या उत्पन्नातून लाभले. मंदिराच्या भिंतींवरील शिलालेखांत गावोगावच्या उत्पन्नाची नोंद आहे, तसेच मंदिराच्या सेवेतील चारशे नर्तिकांची नावे व त्यांना भाताच्या रूपाने मिळणारे वेतनही कोरलेले आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने या मंदिराचा जागतिक वारशात समावेश केला. २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम व दारासुरम येथील मंदिरांचीही त्यात भर पडली.

चोळांच्या काळी ग्रामसभांकडे स्थानिक कारभार सोपविलेला असे. या व्यवस्थेचा सर्वांत तपशीलवार पुरावा तंजावरबाहेर, कांचीपुरमजवळील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील शिलालेखांत सापडतो. गावाच्या निरनिराळ्या कामांसाठी समित्या असत आणि त्यांतील एक समिती केवळ तलावाची देखभाल पाही. सदस्यांची निवड चिठ्ठ्या टाकून होई. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब सादर केला नसेल तो स्वतः आणि त्याचे जवळचे नातलगही अपात्र ठरत. जमीनदारी व विद्या यांच्या अटींमुळे ही सभा सर्वांसाठी खुली नव्हती. परंतु पाण्याच्या कामाचा हिशेब लोकांपुढे आला पाहिजे, हे तत्त्व त्या काळी दगडावर कोरले गेले, हे महत्त्वाचे आहे.

मराठी राजवट

चोळांनंतर पांड्य व विजयनगर यांची सत्ता येथे आली आणि सोळाव्या शतकात नायक घराणे तंजावरच्या गादीवर बसले. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर घेतले. तेव्हा विजापूरकरांच्या वतीने छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे दक्षिणेत उतरले आणि काही काळाने त्यांनी तेथे स्वतःचीच सत्ता स्थापिली. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात दोघा बंधूंची भेट झाली ती कोळ्ळिडमच्याच तीरावर. भोसल्यांची ही राजवट १८५५ पर्यंत टिकली.

या राजांची मातृभाषा मराठी, प्रजेची भाषा तामिळ, दरबारातील काव्याची भाषा तेलुगू व शास्त्राची भाषा संस्कृत होती. त्यांनी यांपैकी एकीही भाषा दूर लोटली नाही. शहाजी राजांनी (१६८४–१७१२) स्वतः मराठी व तेलुगू नाटके रचली. समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ तंजावरास होता. दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले; तेथे तामिळ, संस्कृत, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबर मोडी लिपीतील दप्तरांचा प्रचंड संग्रह आहे. त्यांनी तंजावरात देवनागरी छापखाना चालविला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तेथे मराठी पुस्तके छापली गेली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. चोळांच्या तामिळ शिलालेखांच्या सान्निध्यात तो आजही वाचता येतो. रामेश्वरच्या यात्रामार्गावर त्यांनी छत्रे म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा चालविल्या. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी एक होय.

या राजवटीतही पाण्याचा प्रश्न अग्रभागीच राहिला. कल्लणै व कावेरीचा बांध ज्या प्रदेशात होता तो तिरुचिरापल्लीचा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यानंतर अर्काटच्या नबाबाच्या ताब्यात होता. पाण्यावर जगणारी शेते मात्र तंजावरच्या राजाची होती. बांधाची दुरुस्ती कोणी करावी यावरून १७६० च्या दशकात उभयतांमध्ये तंटा लागला आणि मद्रासच्या इंग्रजांना त्यात मध्यस्थी करावी लागली. वरचा आणि खालचा यांच्यातील वाद कावेरीला नवा नाही, हे यावरून दिसते.

गाळातून घडलेली कला

कावेरीच्या गाळाचा उपयोग केवळ शेतीपुरता मर्यादित नाही. कुंभकोणमजवळील स्वामिमलै येथे चोळांच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीने पंचधातूच्या मूर्ती ओतल्या जातात. प्रथम मेणाची मूर्ती घडवितात. तीवर नदीकाठच्या अतिशय मऊ गाळाचे थर देतात. साचा तापवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. गाळाचा कण बारीक असल्यामुळे मूर्तीच्या अलंकारांची रेघ न्‌ रेघ साच्यात उमटते. नाच्चियारकोविल येथील समयाही कावेरीकाठच्या मातीच्या साच्यांतच ओतल्या जातात. तंजावरची सोनेरी वर्खाची चित्रे, फणसाच्या लाकडाची वीणा, मान डोलावणाऱ्या बाहुल्या व तिरुभुवनमचे रेशीम ही या जिल्ह्याच्या हस्तकौशल्याची आणखी काही उदाहरणे होत.

कर्नाटक संगीतातील त्रिमूर्ती म्हणून गौरविले गेलेले श्यामाशास्त्री, त्यागराज व मुत्तुस्वामी दीक्षितर या तिघांचाही जन्म अठराव्या शतकात, मराठी राजवटीत, तिरुवारूर येथे झाला. त्यागराजांचे वास्तव्य तिरुवैयारु येथे कावेरीच्या काठी होते. त्यांच्या समाधीवर बंगळूर नागरत्नम्मा यांनी मंदिर उभारले आणि तेथील आराधना-उत्सवास दरवर्षी पौष वद्य पंचमीस देशभरातील गायक-वादक जमतात. सरफोजींच्या दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलु या चौघा बंधूंनी भरतनाट्याच्या कार्यक्रमाचा जो क्रम बसविला तोच आज सर्वत्र रूढ आहे. महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांच्या प्रभावाने तामिळ हरिकथेस नवे रूप आले. तंजावर कृष्ण भागवतर यांनी ते लोकप्रिय केले आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते तामिळ कथेत रुळली.

कॉटन ते मेट्टूर

१७९९ च्या तहान्वये तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्या सुमारास एक गंभीर संकट वाढत चालले होते. मुक्कोंबुपासून कोळ्ळिडमचे पात्र अधिक उताराचे असल्याने नदीचे पाणी उत्तरोत्तर तिकडेच ओढले जाऊ लागले आणि कावेरीचे पात्र गाळाने भरत चालले. हे असेच चालू राहिले असते तर त्रिभुज प्रदेशाचा पाणीपुरवठाच तुटला असता. त्यावर उपाय म्हणून कॉटन यांनी १८३६ मध्ये मुक्कोंबु येथे कोळ्ळिडमवर वरचा बंधारा बांधला आणि पाणी पुन्हा कावेरीकडे वळविले.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १९३४ मध्ये पूर्ण झालेले मेट्टूर धरण होय. याची साठवणक्षमता ९३.४७ अब्ज घनफूट आहे. तोवर पाणी केवळ वळविले जात होते. आता ते राखून ठेवता येऊ लागले. दरवर्षी १२ जून रोजी धरणाचे दरवाजे उघडावयाचे, असा प्रघात पडला. त्याच सुमारास काढलेल्या नव्या कालव्याने ओरत्तनाडु व पट्टुक्कोट्टै भागातील, नदीच्या जुन्या शाखा न पोहोचणाऱ्या जमिनीसही पाणी मिळाले. १९६० मध्ये सघन कृषी कार्यक्रमासाठी देशातून जे पहिले सात जिल्हे निवडण्यात आले त्यांत तंजावर होता. आडुतुरै येथील भात संशोधन केंद्रातून निघालेले वाण तामिळनाडूभर पसरले.

पाणी आणि न्याय

परंतु पाणी शेतापर्यंत पोहोचले म्हणून त्याचे फळ सर्वांपर्यंत पोहोचले, असे झाले नाही. जमीन थोड्या कुटुंबांच्या व मठ-मंदिरांच्या मालकीची होती. चिखलात राबणारे बहुसंख्य मजूर दलित व भूमिहीन होते. १९५२ मध्ये तंजावरच्या कुळांना व वार्षिक शेतमजुरांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच परिस्थितीची कल्पना येते. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या पूर्व तंजावर भागातील कीळवेण्मणि या गावी मजुरीच्या वादातून ४४ दलितांना, ज्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती, एका झोपडीत जाळून मारण्यात आले. भाताच्या कोठाराच्या इतिहासातील हे पान वगळून पुढे जाता येणार नाही. पाण्याचे वाटप उत्तम असले तरी जमिनीचे व मोबदल्याचे वाटप विषम असेल तर समृद्धी सुरक्षित राहत नाही, हे येथे अतिशय कठोरपणे सिद्ध झाले.

दुसरा प्रश्न राज्याराज्यांतील वाटपाचा होय. १८९२ व १९२४ च्या करारांनंतरही वाद मिटला नाही. १९९० मध्ये लवादाची स्थापना झाली आणि २००७ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल करून तामिळनाडूचा वाटा ४०४.२५ अब्ज घनफूट व कर्नाटकाचा २८४.७५ अब्ज घनफूट असा ठरविला. त्याच वर्षी पाणीवाटपावर देखरेख ठेवणारे प्राधिकरणही अस्तित्वात आले. भरपूर पावसाच्या वर्षी हा प्रश्न जाणवत नाही. तुटीच्या वर्षी तूट कशी वाटून घ्यावयाची, हीच खरी कसोटी असते.

शेवटच्या कालव्यापर्यंत

२०१८ हे वर्ष आणखी दोन घटनांमुळे लक्षात राहते. ऑगस्टमध्ये कावेरीस मोठा पूर आला आणि मुक्कोंबु येथील वरच्या बंधाऱ्याचे नऊ गाळे वाहून गेले. कोळ्ळिडममार्गे अफाट पाणी समुद्रास जात असताना पूर्वेकडील अनेक गावे कालव्याच्या पाण्याची वाट पाहत होती. तामिळमध्ये कालव्याच्या शेवटच्या भागास ‘कडैमडै’ म्हणतात. तेथे पाणी न पोहोचण्याचे कारण प्रत्येक वेळी नदीतील तूट हेच नसते. गाळाने व पाणवनस्पतींनी भरलेले कालवे आणि मोडकी झडपे ही कारणेही तितकीच खरी असतात. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी भागातील नारळाच्या बागा भुईसपाट केल्या. किनारपट्टीत गोडे पाणी कमी पोहोचले की भूगर्भात समुद्राचे खारे पाणी शिरते, आणि धरणांमुळे गाळ अडल्याने त्रिभुज प्रदेशाची झीज भरून निघत नाही. या दोन्ही गोष्टींचा भार पुन्हा कडैमडैच्या गावांवरच पडतो. २०२० मध्ये तामिळनाडू विधानसभेने कायदा करून त्रिभुज प्रदेशास संरक्षित कृषिक्षेत्र म्हणून घोषित केले. परंतु कायद्याने जमीन राखली तरी कालवा राखण्याचे काम उरतेच.

त्यासाठी या प्रदेशात एक जुना शब्द आहे : ‘कुडिमरामत्तु’. ‘कुडि’ म्हणजे रयत आणि ‘मरामत्तु’ म्हणजे मराठीतही रूढ असलेली मरामत. पाणी येण्यापूर्वी गावाने एकत्र येऊन आपल्या हद्दीतील कालवे उपसावयाचे, अशी ही प्रथा. १८५८ मध्ये मद्रास सरकारने सक्तीच्या श्रमाचा कायदा करून तिला दंडाचे बळ दिले. परंतु सक्तीने प्रथा टिकली नाही. शासनाने मोठी कामे हाती घेतली तसतशी लहान कामांचीही जबाबदारी शासनाचीच, अशी समजूत दृढ झाली आणि गावाचा हात सुटला. सक्तीच्या या श्रमाचा भार पुष्कळदा भूमिहीनांवरच पडे, हेही विसरता येत नाही. २०१७ मध्ये तामिळनाडू शासनाने याच नावाने योजना सुरू केली आणि लाभधारक शेतकऱ्यांच्या संघांना दुरुस्तीच्या कामात सहभागी करून घेतले. अशा योजनेचे यश किती निधी खर्च झाला यावर मोजता येत नाही. काम पाणी येण्यापूर्वी झाले काय, त्याचा हिशेब गावापुढे आला काय आणि राबणाऱ्यास मजुरी मिळाली काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

कल्लणैचे दरवाजे उघडतात त्या दिवशी पहिल्या पाण्यावर फुले व भाताचे बी उधळण्याची रीत आहे. तामिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या प्रारंभी, स्त्रिया नदीकाठी जमून वाढत्या पाण्याची पूजा करतात. नदीविषयीची ही कृतज्ञता दोन हजार वर्षांच्या अनुभवातून आलेली आहे. परंतु फुले पडतात ती कालव्याच्या मुखाशी. व्यवस्थेची परीक्षा होते ती कित्येक दिवसांनी, कित्येक कोस पूर्वेस, समुद्राजवळच्या एखाद्या लहान चारीत पाणी शिरते तेव्हा. तेथील शेतकऱ्यास वेळेवर पाणी मिळाले, तरच वरच्या सर्व बंधाऱ्यांचे, करारांचे आणि कायद्यांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.